हरिश्चंद्रगडाचा पहिला ट्रेक: आधी उतरायचं ठरवा, मग चढायचं

दर पावसाळ्याच्या शेवटाला आमच्या ऑफिसात, सोसायटीत, नात्यात कुणीतरी विचारतंच, "अगं आम्हाला पण एकदा हरिश्चंद्रगड करायचाय, किती वेळ लागतो चढायला?" आणि मी दरवेळी आधी उतरायचं सांगायला लागते. कारण नवीन माणूस सगळी तयारी चढण्याची करतो आणि त्रास होतो तो उतरताना. घसरणं, गुडघा जाणं, अंधार होणं, वाट चुकणं हे सगळं बहुतेक करून परतीच्या वाटेवर, पाणी संपलेलं असतं, फोटो काढून झालेले असतात, लक्ष उडालेलं असतं तेव्हा. म्हणून खाली जे लिहिलंय ते सगळं उतरणीकडून उलटं मोजत आलेलं आहे आणि ज्यांनी आजवर सिंहगड किंवा पर्वती सोडून काही चढलेलं नाही त्यांच्यासाठी आहे.

आधी जागा समजून घ्या. हरिश्चंद्रगड अहिल्यानगर (आधीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, पण पुणे आणि ठाणे जिल्ह्याच्या अगदी कोपऱ्यावर. उंची साधारण 1424 मीटर. हा नुसता किल्ला नाही, कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्याचा भाग आहे, 1986 साली जाहीर झालेलं, साधारण 361 चौरस किलोमीटरचं. कळसूबाई, रतनगड, भंडारदऱ्याचा परिसर, सांदण दरी हे सगळं या एकाच पट्ट्यात येतं. अभयारण्य म्हटल्यावर वन्यजीव संरक्षण कायदा 1972 लागू, म्हणजे प्रवेशाची पावती, आग नाही, प्राण्यांना त्रास नाही, फुलं-झाडं तोडायची नाहीत, परवानगीशिवाय ड्रोन नाही. आणि या जंगलात शेकरू आहे, बिबट्या आहे, महादेव कोळी आणि ठाकर लोकांची गावं आहेत, त्यांची भातखाचरं आहेत, हिरड्याची झाडं आहेत ज्यावर त्यांचं चार पैशाचं उत्पन्न असतं. ही गावं रोज तिथे राहतात, आपण एक दिवस जातो, एवढं डोक्यात ठेवलं की अर्धे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

पहिली पायरी: वाट निवडा, आणि पाचनईचीच निवडा

गडावर जायच्या वाटा बऱ्याच आहेत. नवीन माणसाने तीनच नावं लक्षात ठेवावीत. पाचनई, खिरेश्वर आणि नळीची वाट.

नळीची वाट ठाणे जिल्ह्यातल्या बेलपाड्याहून कोकणकड्याच्या, म्हणजे गडाच्या कोकणाकडच्या प्रचंड कड्याच्या बाजूने चढते, दगडधोंड्यांची उभी नाळ, म्हणजे कड्यांमधली घळ आहे, दोर लागतो, सगळा दिवस जातो. रील बघून हिच्यावर जायचं ठरवणारे खूप आहेत. पाच-सहा मोठे ट्रेक पायाखाली गेल्याशिवाय आणि सोबत खरंच जाणकार माणूस असल्याशिवाय तिचं नाव काढू नका, हे मी कळवळून सांगतेय.

खिरेश्वर जुन्नर तालुक्यात, पिंपळगाव जोगा धरणाच्या काठाने जायचं, गावातलं नागेश्वराचं देऊळ तर ट्रेक नसेल तरी बघायला जावं असं आहे. तिथून टोलार खिंडीत यायचं, खिंडीत वाघाचं शिल्प आहे, मग रेलिंग लावलेला रॉकपॅच, म्हणजे उभ्या कातळाचा टप्पा, आणि त्यानंतर पठारावरच्या एकामागून एक टेकड्या, ज्या संपता संपत नाहीत. वाट सुंदर आहे, पण लांब. चार तास चढायला धरा आणि मुख्य म्हणजे परत येताना त्याच टेकड्या पुन्हा चढ-उतार करत यायच्या, म्हणजे ही वाट उतरतानाही चढायला लावते. पहिल्यांदा नको.

पाचनईची वाट सगळ्यात सोपी आणि छोटी. दोन-अडीच तासात गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी, नवीन माणसाला तीन. गावातून थोडं चढलं की प्रचंड मोठा कातळ छपरासारखा डोक्यावर येतो, त्याच्या खालून आडवी वाट जाते, मग ओढा ओलांडायचा, थोडं जंगल, की वर. अवघड जागी रेलिंग आहे. शिवाय वाट ओढ्याच्या साथीने जाते त्यामुळे दिशाभूल कमी होते.

मुंबईकडून येणाऱ्यांनी कसारा, घोटी, राजूर करत पाचनई. पुण्याहून आळेफाटा, ओतूर, कोतूळ करत. एसटी आहे पण कमी, भरवशावर राहू नका, राजूरवरून जीप ठरवा किंवा स्वतःची गाडी. आणि गाडी चालवणारा माणूस आदल्या रात्री झोपलेला असावा, कारण परतीचा घाट तोच चालवणार आहे. रात्रभर गाडी चालवून पहाटे चढायला लागायचं आणि संध्याकाळी परत तशीच चालवत घरी, हा प्रकार मला ट्रेकपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो.

दुसरी पायरी: महिना

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून फेब्रुवारी. बस. पावसाळ्यात फोटो भारी येतात हे मान्य, पण वरचं पठार फार मोठं आहे, धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि ढोरवाटा इतक्या फुटलेल्या की सगळ्याच वाटा खऱ्या वाटतात. माहितीतले लोकसुद्धा वर धुक्यात गोल गोल फिरलेत. त्यात भिजलेले कपडे आणि कड्यावरचा वारा, अंगातली उष्णता इतकी भराभर जाते की सह्याद्रीत, भर जुलै-ऑगस्टमध्ये, माणूस गारठून बेशुद्ध पडू शकतो. हे हिमालयातच होतं असं समजू नका. कुणी थरथर कापायला लागलं, बोलताना जीभ अडखळायला लागली, उगाच चिडचिड करून "मला बसू द्या" म्हणायला लागलं तर ते नाटक नसतं, ओले कपडे काढून कोरडे घाला, आडोशाला घ्या, शुद्धीत असेल तर गरम गोड काहीतरी पाजा आणि ट्रेक तिथेच संपवा.

मार्चनंतर ऊन, पाणी दुप्पट लागतं. मे-जूनला भंडारदऱ्याकडे काजवे बघायला लोक जातात तो वेगळा विषय आहे, त्याची गर्दी आणि गाड्यांचे हेडलाइट यावर मला वेगळंच लिहावं लागेल.

तिसरी पायरी: पाय तयार करा, पण उतरणीसाठी

जिममध्ये ट्रेडमिल करून आलेले लोक चढतात छान. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू सतत ब्रेक लावत असतो आणि ते ट्रेडमिलवर होत नाही. त्यामुळे तीन-चार आठवडे आधी बिल्डिंगचे जिने, लिफ्टने वर जाऊन जिन्याने उतरत या असं मुद्दाम सांगते, लोकांना विचित्र वाटतं पण करून बघा. आठवड्यात तीन-चार वेळा, दहा मजल्यांपासून सुरू करून तीस-चाळीस मजल्यांपर्यंत. पहिल्या वेळेनंतर दोन दिवस मांड्या भरून येतील, ते घरी होऊ दे, गडावर नको. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

शूज: सोलला खोल खाच असलेले, आणि अर्धा नंबर मोठे. उतरताना बोटं पुढे जाऊन आपटतात आणि नखं काळी पडतात, म्हणून दोन दिवस आधी पायाची नखं कापा. नवीन शूज घालून थेट गडावर जायचं नाही, आधी पंधरा-वीस किलोमीटर घालून चालून घ्या. गुळगुळीत तळाचे रनिंग शूज मात्र घसाऱ्यावर अजिबात कामाचे नाहीत. घसारा म्हणजे सुकलेल्या मुरमाचा आणि बारीक खड्यांचा उतार, त्यावर पाऊल ठेवलं की खडे गोट्यांसारखे फिरतात.

सॅक पाठीला घट्ट बसणारी, दोन्ही हात मोकळे राहतील अशी. आत दोन-तीन लिटर पाणी, इलेक्ट्रॉलची दोन पाकिटं, गूळ-शेंगदाणे, खजूर, एक डबा, हलकं जॅकेट, एक कोरडा टी-शर्ट, सुती मोजे एक जोडी जास्त, क्रेप बँडेज, रोजची औषधं, शिट्टी, आणि हेडटॉर्च. हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवा, दिवसाच्या ट्रेकला सुद्धा. मोबाईलचा टॉर्च हा टॉर्च नाही, एक हात अडकतो आणि बॅटरी संपली की फोनही गेला. कचऱ्यासाठी एक मोठी पिशवी, आपला तर आणायचाच, वाटेत दिसला तो उचललात तर गावातली पोरं पण बघतात.

परफ्यूम, डिओ, वासाचं तेल काही लावू नका. कड्याकपारीला आग्या मोहोळं असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा या तिन्हीने ती उठतात. स्पीकर नेणाऱ्यांना एवढं एक कारण तरी पटावं. माश्या उठल्याच तर हातवारे करायचे नाहीत, ओढणी-जॅकेटने डोकं आणि तोंड झाकून, उतार बघत, त्या जागेपासून लांब जायचं.

चौथी पायरी: कुणाबरोबर

आयोजक ग्रुपबरोबर जाणार असाल तर पैसे भरायच्या आधी चार प्रश्न विचारा. लीडर किती आणि माणसं किती? शेवटी कोण चालणार? फर्स्ट एड येतं का कुणाला? आणि परत फिरायची वेळ काय? महाराष्ट्र सरकारचं 2021 पासून साहसी पर्यटनाचं धोरण आहे, त्यात आयोजकांनी नोंदणी करायची असते, तेही विचारा. चौथ्या प्रश्नाला "बघू, वर गेल्यावर ठरवू" असं उत्तर आलं तर दुसरा ग्रुप शोधा.

हा प्रश्न मी का विचारायला लागले ते सांगते. माझा पहिला हरिश्चंद्रगड 2011 च्या नोव्हेंबरमध्ये, कल्याणहून आम्ही नऊ जण एका ग्रुपबरोबर. पोहे, चहा, ओळखपरेड यात पाचनईतून निघायला अकरा वाजले. देऊळ, केदारेश्वराची गुहा, जेवण, मग सगळ्यांना कोकणकड्यावर सूर्यास्त बघायचाच होता. बघितला. सहाला सूर्य गेला आणि अर्ध्या तासात कड्यापासून देवळापर्यंत यायच्या आतच मिट्ट काळोख. नऊ जणांत टॉर्च दोन. त्या कातळाखालच्या आडव्या वाटेवर माझ्या पुढची मुलगी खाली बसली आणि म्हणाली माझ्याच्याने आता होणार नाही, तिचे पाय खरंच थरथरत होते, मी हात धरला तर माझाही हात थरथरत होता. शेवटी गावातले एक मामा आमचे आवाज ऐकून वर आले, पायात साधी रबरी स्लिपर, हातात बॅटरी. त्यांनी काही बोलणं लावलं नाही. तिच्या पुढ्यात उभे राहिले, बॅटरीचा उजेड स्वतःच्या टाचेमागे जमिनीवर पाडला आणि म्हणाले, "ताई, खाली दरीकडं बघू नका. माझी टाच उचलली का तिथं तुमचं पाऊल ठेवा." तासाभराची वाट, अशी टाचेमागे पाऊल ठेवत आम्ही अडीच तासात उतरलो. खाली त्यांच्या घरी चुलीसमोर बसवलं, काळा चहा दिला, पैसे घ्यायला तयारच नव्हते.

तेव्हापासून कितीही वेळा गेले तरी पाचनईतून एक वाटाड्या घेते. तुम्ही तर घ्याच. गावातल्या माणसाला दिवसाची कमाई होते आणि कुठल्या दगडावर शेवाळ आहे, कुठल्या झाडावर मोहोळ बसलंय, ओढ्याला पाणी किती आहे हे कुठल्याच जीपीएसवर नसतं. पैसे आधी ठरवा, नीट ठरवा आणि वर जाऊन घासाघीस करू नका.

पाचवी पायरी: दिवसाचं वेळापत्रक, उलटं

सूर्यास्त सहाला धरा. गावात चारच्या आत पोचायचंय, म्हणजे दोन तास हाताशी राहिले. उतरायला अडीच तास, म्हणजे देवळापासून दीडला निघायचं. ही वेळ कागदावर लिहा, सगळ्यांना सांगा. दीड म्हणजे दीड, कोकणकडा बघून झालेला असो वा नसो. आता पुढे मोजा: वर बघायला तीन तास तरी हवेत, चढायला तीन, म्हणजे गावातून सकाळी साडेसातला पाऊल उचललं पाहिजे. सातला निघालात तर उत्तमच. त्यासाठी आदल्या रात्री पाचनईत एखाद्या घरी मुक्काम करा, पिठलं-भाकरी, ठेचा, भात मिळतो, ओसरीवर झोपायची सोय होते.

वर तंबू लावून राहायचं पहिल्या वेळी नको. एक तर सॅकचं वजन दुप्पट होतं आणि ते वजन उतरताना गुडघ्यावर येतं. दुसरं म्हणजे मुक्कामाचे आणि कोकणकड्याजवळ तंबू लावायचे नियम वनखातं बदलत असतं, नाक्यावर पावती घेताना विचारून घ्या आणि सांगतील ते ऐका.

घरच्या एका माणसाला मेसेज करून ठेवा: कुठली वाट, किती जण, वाटाड्याचा नंबर, आणि "सातपर्यंत फोन आला नाही तर काळजी करा." अडचणीत 112 आहेच, शिवाय महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन आहे, डोंगरात अडकलेल्यांसाठी गिर्यारोहक लोकच चालवतात, तिचा नंबर निघायच्या आधी शोधून फोनमध्ये आणि कागदावरही उतरवून घ्या. रेंज वाटेवर कुठेतरी येते, कुठेतरी जात राहते.

सहावी पायरी: चढताना

बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. धाप लागून बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे, लीडरच्या मागे ठेवा, शेवटी नको. मागे ठेवलं की तो पोचेपर्यंत बाकीचे विश्रांती घेऊन उठलेले असतात आणि त्याला विश्रांतीच मिळत नाही. पाणी तहान लागायच्या आधी, घोट घोट. आणि दर अर्ध्या तासाने एकदा मागे वळून वाट बघा, कारण परत येताना ती उलटी दिसते आणि अनोळखी वाटते. कुठला दगड, कुठलं झाड, ओढा कुठे ओलांडला. फोटो काढायचेच आहेत तर हेही काढा.

दगड पायाखालून निसटला तर ओरडायचं, "दगड!" खालचे लोक काय करायचं ते करतील, पण ओरडलंच पाहिजे.

सातवी पायरी: वर

पुष्करणी, हरिश्चंद्रेश्वराचं दगडी देऊळ, शेजारच्या लेण्या. केदारेश्वराच्या गुहेत मोठं शिवलिंग आहे, भोवती कमरेएवढं बर्फासारखं गार पाणी, आणि चार खांबांपैकी एकच शाबूत उरलाय. पुष्करणीत पोहायचं नाही, साबण लावायचा नाही. पिण्याचं पाणी कुठल्या टाक्यातलं घ्यायचं ते वाटाड्याला विचारा.

मग कोकणकडा, देवळापासून अर्धा-पाऊण तास. हा कडा सरळ उभा नाही, आत वळलेला आहे, नागाच्या फण्यासारखा, म्हणजे काठावर उभं राहिलात तर पायाखाली दगड आणि दगडाखाली हवा. काठापासून दहा-पंधरा फूट आधीच सॅक काढून ठेवा. खाली बघायचं असेल तर पोटावर झोपून, कुणीतरी पाय धरून, आणि वारा जोरात असेल तर तेही नाही. खालून वारा असा येतो की टाकलेलं पान वर परत येतं. सकाळच्या उन्हात समोर दरीत ढग असेल आणि सूर्य बरोबर पाठीमागे, तर ढगावर आपल्या सावलीभोवती इंद्रधनुष्याचं गोल कडं दिसतं, त्याला इंद्रवज्र म्हणतात. मला इतक्या फेऱ्यांत एकदाच दिसलं. त्याच्यासाठी दीडची वेळ मोडायची नाही, कितीही वाटलं तरी.

तारामती शिखर वेळ उरला तर. पहिल्या वेळी सहसा उरत नाही.

आठवी पायरी: उतरण, ज्यासाठी एवढं सगळं

देवळापासून निघायच्या आधी बसा. दहा मिनिटं. थोडं खा, पाणी प्या, बुटाच्या लेस घोट्यापाशी करकचून बांधा म्हणजे पाय पुढे सरकणार नाही. मोजे ओले असतील तर बदला. फोन सॅकमध्ये.

पावलं छोटी. गुडघे किंचित वाकवलेले, ताठ गुडघ्याने कधीही खाली पाय टाकायचा नाही. वजन मागे टाकू नका, भीती वाटली की माणूस मागे रेलतो आणि नेमका त्यामुळे पाय पुढे सटकतो. अंग थोडं पुढे, तळवा पूर्ण जमिनीवर. घसाऱ्यावर पाऊल आडवं ठेवा आणि पक्क्या रुतलेल्या दगडाचा आधार बघा. गवताचा झुपका धरायचा नाही, मुळासकट हातात येतो. कारवीच्या वाळक्या काठ्याही तशाच, कडकन मोडतात. ओल्या कातळावर काळपट चकाकणारा भाग टाळा, खरखरीत कोरडा दिसेल तिथे पाय द्या. रेलिंगच्या उभ्या जागी तोंड दगडाकडे करून, शिडी उतरतो तसं उतरा आणि एका वेळी एकच माणूस. बसून सरकत उतरायला लाजू नका, पँट फाटली तर फाटली.

पाय थरथरायला लागले तर थांबा, इलेक्ट्रॉल प्या, पाच मिनिटं बसा. मुरगळला तर बूट काढू नका, सूज येते आणि परत घालता येत नाही, बुटावरूनच क्रेप बँडेज आवळून सावकाश उतरा. साप चावल्यासारखं वाटलं तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, त्या माणसाला चालवायचं नाही, उचलून खाली आणि सरळ सरकारी दवाखान्यात.

शेवटची अर्ध्या तासाची वाट, जिथून गावातली कौलं दिसायला लागतात, तिथे सगळे सुटल्यासारखे पळतात. तिथे तर मुद्दाम हळू करा.

गावात पोचलात की डोकी मोजा, वाटाड्याचे पैसे द्या, कचऱ्याची पिशवी गाडीत टाका, गावच्या कुंडीत नको कारण तिथून ती न्यायला कुणी येत नाही. उतरायला प्रत्यक्ष किती वेळ लागला ते लिहून ठेवा. अडीच तासात आणि बिनदुखता उतरला असाल तर पुढचा कळसूबाई करा, 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, बारी गावातून, लोखंडी शिड्या आहेत, शनिवार-रविवारी त्या शिड्यांवर रांग लागते म्हणून मधल्या वारी जा. सांदण दरीचं रॅपलिंग, म्हणजे दोराने कडा उतरणं, त्यानंतर, तेही नोंदणी असलेल्या लोकांबरोबर, कोरड्या महिन्यांत आणि आभाळ पूर्ण स्वच्छ असेल तेव्हाच, दरीत अचानक पाणी आलं तर दोन्ही बाजूंना भिंतीच आहेत. चार तास लागले असतील, गुडघे बोलत असतील, तर महिनाभर जिने उतरा आणि परत पाचनईच करा.

आणि घरी फोन करायला विसरू नका. पाचनईत रेंज मिळाली नाही तर राजूरच्या रस्त्याला लागल्यावर पहिला फोन तोच, सातच्या आत.